गुडघे सैल, अक्का!

बेली डान्समध्ये पोट बरंच नंतर येतं. आधी येतात गुडघे. पावलं समांतर, गुडघे जरासे वाकलेले, माकडहाड जमिनीकडे, छाती उचललेली पण फुगवलेली नाही, खांदे मागे आणि खाली. एवढं नीट उभं राहता येणं हा पहिला धडा, आणि चाळिशी ओलांडलेल्या बाईला तोच सगळ्यात जड जातो. आम्ही आयुष्यभर गुडघे ताठ करून उभ्या असतो. ओट्याशी, बसस्टॉपवर, रेशनच्या रांगेत, लग्नाच्या मांडवात पाहुण्यांना हळदीकुंकू लावताना. गुडघा मागे रेटला की सगळा भार सांध्यावर जातो, पाठीचा खालचा भाग आत वळतो, ओटीपोट पुढे येतं. अशी उभी राहिलेली बाई कंबर हलवायला गेली तर तिची पाठच दुखते. गुडघे सैल सोडले की भार मांड्या घेतात आणि कंबर मोकळी होते.

“गुडघे सैल, अक्का,” आमच्या मॅडम सांगतात. त्या माझ्या भाचीच्या वयाच्या आहेत. मी त्यांना मॅडम म्हणते, त्या मला अक्का म्हणतात, आणि दोघींनाही ते बरोबर वाटतं. क्लास बेळगावात, टिळकवाडीतल्या दुसऱ्या रेल्वे गेटाजवळ, एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर भरतो. मी वडगावची. एका सोसायटीत हिशेब लिहिते, म्हणजे दिवसभर खुर्ची. पाठ धरली म्हणून डॉक्टरांनी व्यायाम सांगितला आणि योगाच्या वर्गाची चौकशी करायला मी तो जिना चढले. आत बायका कमरेला बारीक नाण्यांचे रुमाल बांधून उभ्या होत्या, स्पीकरवर चामड्याचं एक वाद्य वाजत होतं, आणि त्या तालानं मला दारातच धरून ठेवलं. योगाचं विचारायचं राहून गेलं.

तो ताल म्हणजे मकसूम. डुम टेक, टेक डुम, टेक. वाद्य दरबुका, इजिप्तमध्ये त्यालाच तबला म्हणतात. उभ्या फुलदाणीच्या आकाराचं, मांडीवर आडवं घेऊन वाजवायचं. चामड्याच्या मधोमध भरलेला आघात तो डुम, काठावरचा टणक आघात तो टेक. आपल्या केरव्यासारखा आठांतच बसतो, पण जोर वेगळ्या जागी पडतो आणि मधल्या मोकळ्या जागा फार बोलतात. सुरुवातीलाच दोन डुम लागोपाठ आले की तो बलदी. मधोमध दोन डुम आले की सईदी, वरच्या इजिप्तमधला, काठी घेऊन नाचायचा. प्रवेशाला आणि निरोपाला मलफूफ, आखूड आणि धावता. हे ताल कानाला वेगवेगळे लागायला लागले तेव्हा मला झालेला आनंद मी कुणाला नीट सांगू शकले नाही. एखाद्या अनोळखी गावात गल्ल्या ओळखू याव्यात, तसं काहीसं झालं.

ताल ओळखायची सवय मला घरूनच आहे. वडगाव, खासबाग, शहापूर हा सगळा विणकरांचा भाग. आमच्या गल्लीत आजही दुपारभर यंत्रमाग खडखडत असतात. पण बाबांचा माग हाताचा होता, जमिनीत खड्डा करून बसवलेला. बाबा काठावर बसत, पाय खड्ड्यात. एक पाय दाबला की ताण्याचे धागे दुभंगत, हाताच्या झटक्यानं धोटा या काठाचा त्या काठाला जाई, मग फणी अंगाकडे ओढायची, मग दुसरा पाय. मी जेवणाचा डबा घेऊन उभी राहत असे, कारण रांग पूर्ण झाल्याशिवाय बाबा मान वर करत नसत. पाय आपलं काम करताहेत, हात आपलं, डोळे धाग्यावर, आणि मधलं धड जवळजवळ स्थिर. श्वाससुद्धा संथ. लहानपणी मला ते फक्त कष्ट वाटायचे. आता वाटतं की त्या माणसाला शरीराचे भाग वेगवेगळे चालवण्याची मोठी विद्या येत होती आणि तिची कुणीच, आम्ही घरच्यांनीही, कधी नोंद घेतली नाही. रोजगार मात्र विणलेल्या कापडाच्या वारावर मिळायचा.

आमच्या क्लासमध्ये पहिले काही महिने नेमकं हेच शिकवतात. एक भाग हलवायचा, बाकीचे गप्प ठेवायचे. कंबर फिरते तेव्हा छाती थांबलेली हवी. छाती सरकते तेव्हा कंबर रुजलेली हवी. उजवा पाय पुढे, टाच उचललेली, भार डाव्या पायावर. आता उजवी कंबर वर घ्यायची आणि सोडायची. आपटायची नाही, सोडायची. उचलण्याचं काम कुशीतला स्नायू करतो, पण सोडताना त्याला मनापासून ढिलं व्हावं लागतं, आणि ते ढिलं होणं शिकायला कितीतरी जास्त वेळ लागतो. थरथर, जिला सगळीकडे शिमी म्हणतात, ती कमरेत नसतेच. ती गुडघ्यांत असते. गुडघे आळीपाळीनं पुढे-मागे करत वेग वाढवत न्यायचा, आणि वर कंबरेचा रुमाल आपोआप छनछन वाजू लागतो. कंबरेतून थरथरायला गेलं की मांड्या आवळतात आणि सगळं बंद पडतं. मग कमरेनं काढायचा आडवा आठ, उभा आठ. मग पोटातून छातीपर्यंत चढत जाणारी लाट, ती सगळ्यात अवघड, कारण तिथे मणक्याला मणका वेगळा जाणवावा लागतो.

हात आणखी निराळे. कोपर वर, मनगट मागून येणारं, बोटं शेवटी. माझे खांदे अजून कानाकडे चढतात. मॅडम मागून येऊन दोन बोटं नुसती खांद्यावर ठेवतात, काही बोलत नाहीत, आणि खांदा खाली येतो.

आमच्यात कॅम्पातल्या फौजी अधिकाऱ्याची बायको आहे, दातांची डॉक्टर आहे, खानापूरहून रेल्वेनं येणारी एक शिक्षिका आहे, कॉलेजच्या दोन मुली आहेत आणि शहापुरातल्या एक काकू आहेत, माझ्याहून बऱ्याच मोठ्या. मॅडम मोजतात कन्नडमध्ये: ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु. सूचना मराठीत आणि हिंदीत, पावलांची नावं इंग्रजीत, तालांची अरबीत. बाहेर दुकानाच्या पाटीवर कोणती भाषा केवढ्या अक्षरात असावी यावरून वाद पेटतात. आमच्या घरात १९५६ ची जखम अजून ओली आहे. १ नोव्हेंबरला एका बाजूनं राज्योत्सवाची मिरवणूक निघते आणि दुसऱ्या बाजूनं काळ्या दिनाची फेरी, आणि त्या दिवशी क्लास नसतो. आजोबा सीमालढ्याच्या सभांना जात, त्याचा मला अभिमान आहे. माझ्या मुलीला मराठीत कागद मिळावेत असं मला आजही वाटतं. आणि त्याच मला नाल्कुवर कंबर सोडायची सवय झाली आहे. ही दोन्ही माझीच आहेत.

आता आईबद्दल. मी तिला सांगितलं तेव्हा ती तांदूळ निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं.

“म्हणजे जोगतिणीगत नाचायचं?”

“बायकाच असतात आई. दार लावून घेतात.”

“मग झिम्म्यात काय कमी होतं?”

हा प्रश्न तिनं टोचायला विचारला नव्हता. खरोखरच विचारला होता, आणि मी त्यावर पुष्कळ दिवस विचार करत राहिले.

आधी जोगतिणीचं. आजी मार्गशीर्ष पौर्णिमेला सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर जायची, दोन-तीनदा मलाही घेऊन गेली. भंडारा उधळलेला, उधोउधोचा गजर, आणि डोक्यावर देवीचा जग, म्हणजे देवीचा मुखवटा बसवलेली टोपली, घेतलेल्या जोगतिणी आणि जोगते. चौंडकं आणि तुणतुणं वाजत असायचं. जगाला हात लागलेला नसायचा. खाली पाय, कंबर, खांदे सगळं चाललेलं, आणि वर जग तसूभरही कलत नव्हता. मी आजीच्या पदराआडून तेवढंच बघत असे. इजिप्तमध्ये लग्नाच्या वरातीपुढे नर्तकी डोक्यावर पेटलेल्या मेणबत्त्यांचं झुंबर घेऊन नाचते, त्याला रक्स अल-शमादान म्हणतात. मॅडमनी त्याची चित्रफीत दाखवली तेव्हा बाकीच्या टाळ्या वाजवत होत्या आणि मला सौंदत्ती दिसत होती. मान स्थिर ठेवून कंबर मोकळी सोडायची हे शास्त्र आमच्या डोंगरावर पिढ्यानुपिढ्या होतं. ते ज्यांच्याकडे होतं त्यांच्याकडे आम्ही घाबरून पाहत होतो.

घाबरण्याला कारण होतं, ते मी झाकणार नाही. देवीच्या नावानं लहान मुली सोडायच्या आणि पुढे गावातल्या पैसेवाल्यांनी त्यांचा उपभोग घ्यायचा, हे या पट्ट्यात उघड्या डोळ्यांनी चालत होतं. कर्नाटकानं १९८२ मध्ये देवदासी प्रथेविरुद्ध कायदा केला. त्या कायद्याबद्दल माझ्या मनात दुसरा विचार नाही. पण अत्याचार करणारे समाजात ताठ मानेनं फिरले आणि बट्टा लागला तो नाचाला. कंबर हलली की आईला जोगतीण आठवते, सावकार आठवत नाही. जोगती नृत्याच्या कलावंत मंजम्मा जोगती यांना पद्मश्री मिळाली, कर्नाटक जानपद अकादमीच्या अध्यक्षपदावर बसलेल्या त्या पहिल्या तृतीयपंथी व्यक्ती. २०२१ साली राष्ट्रपती भवनात सन्मान घेताना त्यांनी पदरानं राष्ट्रपतींची दृष्ट काढली. ते दृश्य मी आईला मोबाइलवर दाखवलं. तिनं ते पुन्हा लावायला सांगितलं.

इजिप्तचा इतिहास वाचायला लागले तेव्हा दिसलं की तिकडेही हेच घडलं आहे. तिथे अवालिम होत्या, गाणं-काव्य जाणणाऱ्या, श्रीमंतांच्या घरी बायकांच्या मजलिशीत बोलावल्या जाणाऱ्या. आणि गवाझी होत्या, रस्त्यावर, जत्रांत, लग्नांत नाचणाऱ्या. १८३४ मध्ये मुहम्मद अली पाशानं या नाचणाऱ्या बायकांना कैरोतून घालवून दिलं. त्यातल्या अनेकजणी दक्षिणेकडे, इस्नासारख्या गावांत गेल्या. मग कैरोत काय झालं? बायकांच्या वेशात पुरुष नाचू लागले. तमाशातला नाच्या पोऱ्या ज्यांना माहीत आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. नाच लोकांना हवा होता, फक्त नाचणारी बाई नको होती.

पुढे १८९३ मध्ये शिकागोला जागतिक प्रदर्शन भरलं आणि तिथे हा नाच अमेरिकेनं पाहिला. फ्रेंच लोक त्याला ‘पोटाचा नाच’ म्हणत होतेच, तेच नाव इंग्रजीत जाऊन बसलं. त्याच प्रदर्शनाच्या निमित्तानं भरलेल्या सर्वधर्म परिषदेत स्वामी विवेकानंद बोलले, आणि त्याच्या आदल्या वर्षी, १८९२ च्या ऑक्टोबरात, ते आमच्या बेळगावात रिसालदार गल्लीत भाट्यांच्या घरी राहिले होते. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण रिसालदार गल्लीतून जाताना मला हल्ली हे आठवतं आणि शिकागो तेवढं लांब वाटत नाही.

आज आम्ही शिकतो ते मुख्यतः रक्स शर्की, म्हणजे रंगमंचावरचं रूप. बदिया मसाबनी नावाच्या बाईनं १९२६ मध्ये कैरोत स्वतःचा क्लब काढला. घरगुती आणि रस्त्यावरचा नाच जागच्या जागी असायचा. तिनं त्याला रंगमंचभर फिरवलं, हातांना लांबी दिली. तिच्या हाताखाली तहिया कारिओका आणि सामिया गमाल घडल्या. सामिया वाऱ्यासारखी, सगळा रंगमंच व्यापणारी. तहिया मात्र हातभर जागेत नाचणारी. जुन्या काळ्या-पांढऱ्या चित्रपटांत तिला पाहा. ती काहीच करत नाहीये असं वाटतं, आणि नजर हलवता येत नाही. ही तहिया पुढे राजकीय मतांपायी तुरुंगातही जाऊन आली. मला ती फार आवडते. पुरुषही आहेत. १९५९ मध्ये लोकनृत्याचं पथक काढणारे महमूद रेडा १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये इजिप्तकडून जिम्नॅस्टिक्समध्ये उतरले होते. त्यांच्या पथकामुळे मध्यमवर्गीय घरांतली मुलं-मुली रंगमंचावर नाचू लागली.

पण रंगमंचाच्या आधी आणि नंतरही, इजिप्तच्या घरांत बायका बायकांमध्ये नाचत आल्या आहेत. साखरपुडा, लग्न, कुणाचं बारसं. रुमाल कमरेला बांधायचा, एकीनं ताट किंवा दरबुका धरायचा, बाकीच्यांनी टाळ्या द्यायच्या आणि एकेकीनं मधे यायचं. यासाठी कुणी क्लास लावत नाही. मुली आईला आणि मावशीला बघून शिकतात. हे कळलं तेव्हा आईच्या प्रश्नाकडे मी पुन्हा वळले. झिम्म्यात काही कमी नव्हतं. गौरी जागवायच्या रात्री परकराचा घोळ खोचून आत्या पिंगा घालायची तेव्हा तिची कंबर, तिचे खांदे, तिचे मोकळे सुटलेले केस हे सगळं मी पाहिलेलं आहे. एरवी ती दारात कुणी आलं तरी पदर सावरून बाजूला व्हायची. ती रात्र तिची होती. आता ती रात्रच उरलेली नाही. घरं छोटी झाली, सुना नोकरीला लागल्या, गौरी दीड दिवसात आवरतात आणि त्या रात्री सगळ्या थकून झोपतात. माझ्यासारखीला मधे येऊन नाचायला वर्तुळच राहिलं नव्हतं. टिळकवाडीतल्या त्या वरच्या मजल्यावर मला ते मिळालं, म्हणून मी पैसे भरून जाते.

आईला मी हे असंच सांगितलं. ती म्हणाली, “मग काय शिकायलीस ते दाखव की.”

मी दाखवलं. सोप्यावर, म्हणजे बाहेरच्या खोलीत, खिडकी लोटून. आडवा आठ काढला. तिनं बारकाईनं पाहिलं, मग म्हणाली, “टाच उचलायलीस तू.” बरोबर होतं. आडव्या आठात टाचा जमिनीवर हव्यात. जिनं कधी हा नाच पाहिला नाही तिला ते दिसलं, कारण फुगडीत जिची टाच उचलते ती आधी पडते हे तिला माहीत आहे.

शरीराचं एक सांगायचं आहे. माझ्या पोटावर सिझरची जुनी शिवण आहे. तिच्या आसपासची जागा बधिर झालेली, आणि मी तिला इतकी विसरले होते की अंघोळीला साबण लावण्यापलीकडे तिकडे हात जात नसे. लाटेचा सराव करताना मॅडम एक तळहात ओटीपोटावर आणि दुसरा बरगड्यांखाली ठेवायला सांगतात. श्वास घेताना वरचा हात उचलतो, सोडताना खालचा आत जातो, मग तेच श्वासाशिवाय, नुसत्या स्नायूंनी. कितीतरी काळ खालच्या हाताखाली काहीच होत नव्हतं. मग एकदा तिथे काहीतरी हललं. अगदी थोडं. मला रडू आलं आणि मी ते पुसलं नाही. बाळंतपणानंतर त्या जागेबद्दल मला दोनच गोष्टी कुणी बोलल्या होत्या: झाकून ठेव, आणि कमी कर. तिथे ताकद आहे, ती हुकमानं वर-खाली जाते, असं सांगणारं कुणी भेटलं नव्हतं.

ज्यांच्या मनात आहे त्यांच्यासाठी थोडं कामाचं. वेगळे कपडे लागत नाहीत. अंगाला बसणारा टी-शर्ट आणि सैल पायजमा पुरतो, फक्त कंबर दिसली पाहिजे, नाहीतर शिकवणारीला चूक कळत नाही. पोट उघडं टाकावं लागत नाही. आमच्याकडे काकू सलवार-कमीज घालून, ओढणी कमरेला घट्ट बांधून नाचतात आणि त्यांची शिमी सगळ्यांत स्वच्छ आहे. अनवाणी नाचायचं. आधी अंग तापवायचं, विशेषतः आपल्याकडच्या पावसाळ्यात, जेव्हा महिनोन्महिने फरशी गार असते. पाठ मागे मोडायची नाही. स्नायू ओढल्यासारखा दुखला तर चालतं, सांध्यात किंवा पाठीत कळ आली तर थांबायचं. ऑपरेशन झालं असेल, गर्भाशय काढलेलं असेल, तर डॉक्टरांना विचारूनच जायचं आणि शिकवणारीला आधी सांगायचं. ऐकून न घेणारी शिकवणारी असेल तर दुसरी शोधायची.

माझी पाठ पूर्वीइतकी धरत नाही. पण त्यासाठी मी जात नाही आता.

सध्या सागात चालू आहे. म्हणजे बोटांत अडकवायच्या पितळी झांजा, प्रत्येक हाताला दोन, अंगठ्याला एक आणि मधल्या बोटाला एक. इलॅस्टिक नखाच्या मुळाशी घट्ट बसायला हवं, नाहीतर झांज फिरते. उजवा-डावा-उजवा, उजवा-डावा-उजवा, असं न थांबता वाजवत राहायचं, आणि खाली पाय मकसूमवर चालवायचे, आणि कंबर डुमवर सोडायची. तिन्ही एकदम अजून होत नाही. हात लागला की पाय अडखळतात. रात्री जेवणं झाल्यावर मी सोप्यावर सराव करते. शेजारच्या वैनींनी आवाज कसला म्हणून विचारलं, मग आत येऊन बसल्या, मग स्वतःच्या बोटात अडकवून पाहिल्या. या गौरीला आमच्याकडे जागरण करायचं ठरलं आहे. झिम्मा आई घेणार, पिंगा आत्या. दरबुका नाही, पण वैनींच्या घरी जुनी ढोलकी आहे, तिची शाई गेलीय, ती भरून आणायची आहे.